जुलैतली सलामी

दक्षिण आफ्रिकेत उमकोमासला आलेल्या, उत्तर इटलीतल्या फ्रिउलीच्या माणसांनी पहिल्या तीन वर्षांत तीन डुकरं वाया घालवली, आणि तिन्ही अगदी शास्त्रशुद्ध रीतीने. नोव्हेंबरअखेरचा संत आंद्रेचा दिवस उलटला आणि चंद्र उतरणीला लागला, की डुक्कर कापायचं, मांस आतड्यात भरून सलामी करायची आणि वाळायला टांगायची. आजोबांनी तसं केलं, पणजोबांनी तसं केलं. फरक एवढाच, की आजोबांच्या डिसेंबरात अंगणातलं पाणी गोठायचं आणि नाताळ प्रांताच्या या किनाऱ्यावर डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, भिंतींनासुद्धा घाम फुटायचा. शहाण्या माणसांना हे कळत नव्हतं असं नाही. पण संताला तारीख बदलायला कोण सांगणार!

लाकडाच्या लगद्याच्या कारखान्यासाठी १९५५ साली जहाजातून आलेली ही मंडळी. त्यांत दुइलिओ पेरेसोन होता आणि त्याची चोवीस वर्षांची बायको अर्मिदा. दुइलिओ कामाला वाघ, पण सलामी बिघडली की घरात सुतक. पहिल्या वर्षी तो म्हणाला, डुक्कर वाईट. दुसऱ्या वर्षी मीठ वाईट. तिसऱ्या वर्षी टांगलेल्या सलामीतून हिरवं पाणी गळायला लागलं, तेव्हा त्याने देशच वाईट ठरवला.

"जिथे सलामी वाळत नाही तिथे माणसाने राहू नये," तो म्हणाला. "सप्टेंबरात करार संपतोय. चल घरी."

अर्मिदाच्या लेखी घर म्हणजे सासूचं घर. एका चुलीभोवती अकरा माणसं, आणि भांड्यात मीठ टाकायचं तेही विचारून. इथे दोन खोल्यांत तिचं स्वतःचं स्वयंपाकघर होतं. मक्याच्या पिठाचा पोलेंटा घट्ट करायचा की सैल, हे ती ठरवायची. कुणाला ही गोष्ट किरकोळ वाटत असेल तर त्याने तिच्या सासूच्या हाताखाली आठवडाभर राहून दाखवावं.

तिचा बाप हिवाळाभर गावोगाव डुकरं कापत फिरणारा कसबी माणूस. मुलगा नव्हता, म्हणून आठव्या वर्षापासून कंदील धरायला हीच. लसूण वाइनमध्ये किती वेळ ठेवायचा, चरबी केवढी कापायची, तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. पण सलामी हे पुरुषांचं काम, तेव्हा तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"जुलैत कापू या," ती म्हणाली.

"जुलैत कलिंगड कापतात, अर्मिदा."

"तिकडे. इथे जुलैत हिवाळा, तू स्वेटर घालून कामावर जातोस."

"आणि संत आंद्रे?"

"त्यांची समजूत मी काढते."

अडचण एकच, किनाऱ्यावर जुलैतही थंडी तशी बेताचीच. ती सोडवली कोझिमोने. दर शनिवारी खडखडत्या गाडीतून चीज विकायला येणारा हा माणूस युद्धकैदी म्हणून या देशात आला, सुटल्यावर डोंगरातल्या एका गोठ्यावर राहिला, लग्न करून चार पोरांचा बाप झाला. पण मूळचा पुलियाचा, म्हणजे इटलीच्या खालच्या टोकाचा. आमच्या लोकांच्या मते रोमच्या खाली टोमॅटो पिकतात, माणसं नाही.

"सिन्योरा, आमच्याकडे जुलैत बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागतं," कोझिमो म्हणाला. "चीजचं दगडी तळघर निम्मं रिकामं आहे. या की."

"त्या टोमॅटोवाल्याकडे?" दुइलिओ घरी ओरडला. "आणि कापणार कोण?"

"मी."

तो हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "अख्खी वस्ती हसेल."

"वस्ती तीन वर्षं सलाम्या पुरतेय. हसू दे एकदा."

"ठीक आहे, कर. पण बिघडली, तर सप्टेंबरात निमूट जहाजात बसायचं."

"बसेन," ती म्हणाली, आणि सुऱ्या घासायला काढल्या.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती डोंगरात गेली. डुक्कर धरायला कोझिमो आणि त्याची बायको, पण सुरी अर्मिदाच्या हातात. कापत, मीठ लावत, आतड्यात भरत दोन दिवस ती उभीच होती. तिसऱ्या दिवशी तळघरात टांगलेल्या सलाम्यांवरून तिने बोट फिरवलं. साल कडक होत चाललं होतं. डोंगरातला वारा कोरडा. बाहेरून कडक झालं की आतलं ओलं आतच कुजतं. फ्रिउलीत असा वारा नव्हता, त्यामुळे बापाने यावर काही शिकवलंच नव्हतं. तिने होती नव्हती तेवढी पोती भिजवली आणि हवेत ओल राहावी म्हणून जमिनीवर अंथरली.

"रोज दोनदा भिजवायची. शब्द द्या मला," तिने निघताना कोझिमोला बजावलं.

"सिन्योरा, कैदेत मला दिवसातून सहा वेळा मोजायचे. दोनदा म्हणजे चैन आहे."

ऑगस्ट गेला. नव्या कराराचा कागद टेबलावर बिनसहीचा पडून होता. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी कोझिमोने सलाम्या आणल्या, तेव्हा बोच्चेच्या खेळातले गोळे जागच्या जागी टाकून सगळे पुरुष गोळा झाले, मुख्यतः वास घ्यायला. करणाऱ्याने कापायची आणि घरच्या कर्त्याने चाखायची, ही रीत. अर्मिदाने सुरी घातली. आत थेट मध्यापर्यंत घट्ट लाल मांस, पांढरी शुभ्र चरबी, कुठे भोक नाही की डाग नाही.

दुइलिओने फार वेळ चावलं. "बाबांच्या सलामीसारखी नाही," तो म्हणाला. "मिरी जास्त आहे. धूर कमी आहे."

त्याने दुसरी चकती घेतली, मग तिसरी, आणि घराकडे चालू लागला. मागे सगळ्यांनी थाळीचा फडशा पाडला. वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने टोपी काढून अर्मिदापुढे मान लववली. पण तिचं लक्ष त्या पाठमोऱ्या नवऱ्याकडे होतं.

ती घरी आली तेव्हा तो आईला पत्र लिहीत होता. तिला पाहून तो उठला, पत्र उघडंच ठेवलं आणि हात धुवायला मागे गेला.

"आई, सलामी झाली. जुलैत झाली. अर्मिदाने केली. माझी खाट आता धाकट्याला दे."

अर्मिदाने ते दोनदा वाचलं. मग स्वतःच्या चुलीपाशी उभी राहून ती पोटभर रडली.