कोरे बूट

नानांइतका मातीचा मान राखणारा माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. आणि त्यांचाच मान घालवणारा मी, त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उपग्रहाच्या रडारला जमिनीतली ओल बरोबर कळते का, हे ताडून पाहायचं काम आमच्या माती-तपासणीच्या कचेरीकडे आलं. उपग्रह वरून जाई त्याच तासात आम्ही शेतातली माती डब्यांत भरायची. जळगावला नाना ती तोलत, भट्टीत वाळवत, पुन्हा तोलत; जेवढं वजन घटे तेवढी ओल. तोलताना कुणी मोठ्याने श्वास टाकलेलाही त्यांना खपत नसे. एसटीत डबे मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेले. शेजारणीला सांगत, "अक्का, जपीसन बसा, डबामा वल शे." रडारला ओल दिसते हे कळल्यापासून तर ते उपग्रहाच्या वेळेला मानेचा घाम पुसून शेतात उभे राहत, आणि पान खाणाऱ्याला बांधाबाहेर काढत. "तू थुकशी आन् आकडा वाढी."

त्या दिवशी नाना जामनेरला होते, मी भडगावला एकटा. गिरणाकाठच्या शेवटच्या शेतात सकाळीच पाटाचं पाणी सोडलेलं, घोटाभर चिखल. माझ्या पायात नवे बूट. मी सडकेलगतच्या कोरड्या रानातली माती भरली आणि डब्यांवर गिरणाकाठचा नंबर टाकला.

संध्याकाळी नानांनी डबा उघडून हुंगला. मग माझ्या बुटांकडे पाहिलं.

"भाऊ, गिरनाकाठ उतरनात ना?"

"हो, उतरलो."

त्यांनी डबा तराजूत ठेवला.

महिन्याभराने रडारचे आकडे आले. त्या शेतात रडार म्हणे ओल, डबे म्हणत कोरडं. भरल्या बैठकीत साहेबांनी विचारलं, "खोटं कोण? रडार की तुम्ही?" नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, थांबले. मी टेबलावरचा डाग न्याहाळत राहिलो. मग कधी नव्हे ते शुद्ध मराठीत ते म्हणाले, "साहेब, वजन करताना माझीच चूक झाली असेल."

तराजू त्यांच्याकडून काढून घेतला. उरलेली नोकरी त्यांनी भांडारात काढली. आता ते नाहीत, म्हणून लिहितो: वजन बरोबर होतं. रडारही बरोबर होतं.

ते निवृत्त झाल्यावर एकदा धुळ्याच्या स्टँडवर भेटले होते. मी सुरुवात केली, "नाना, त्या दिवशी मी..."

"जाऊ द्या भाऊ. बूट टिकनात का?"

"पुन्हा घातलेच नाहीत."

ते बाकावर सरकले, मला जागा करून दिली. मांडीवर कापडी पिशवी होती, दोन्ही हातांनी धरलेली. मी जपून बसलो.