डहाणूपर्यंतचं चार्जिंग

२०१९ साली तलासरीजवळच्या एका ढाब्यावर मी आणि माझा मेहुणा आपापल्या इलेक्ट्रिक गाड्या चार्जिंगला लावून वाद घालत होतो. माझी लवकर चार्ज होते, पण थोडी धावते. त्याची लांब पळते, पण भरायला दिवस घेते. तेवढ्यात जमीन हादरली. त्या दिवसांत तिकडे असे धक्के सारखे बसायचे; भीतीने माणसं घराबाहेरच राहायची.

थोड्या वेळाने समोरच्या पाड्यातून एक बाई धावत आली. तिची सासू भांडं आणायला घरात गेली होती आणि भिंत तिच्या पायावर पडली होती.

"दादा, डहाणूच्या दवाखान्यात यातली कुठली गाडी पोचेल?"

मेहुण्याची अजून जवळजवळ रिकामी होती, माझी निम्मी भरलेली. पाड्यातल्या लोकांनी सासूला आणून मागच्या सीटवर निजवलं आणि बॅटरी पुरावी म्हणून मी एसी बंद ठेवून निघालो.

सासूचं डोकं मांडीवर घेऊन ती मागे बसली. एका हाताचा तळवा तिने पायाखालच्या पत्र्याला टेकवून ठेवला होता.

"गाडी चालू आहे ना? इंजिन वाजत नाही," वाटेत आशागडजवळ तिने विचारलं.

"चालू आहे. हिचा आवाज होत नाही."

"मग तू बोलत राहा, दादा. सगळं गप्प झालं की भीती वाटते. धक्क्याच्या आधी असंच गप्प असतं."

मी बोलत राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. चार्जिंगचा आकडा उतरत होता.

दवाखान्यात सासूला स्ट्रेचरवरून आत नेलं. ती मात्र दारात थबकली. धक्के सुरू झाल्यापासून आपण छपराखाली पाऊल टाकलेलं नाही, असं म्हणाली. वरच्या स्लॅबकडे बघत उभी राहिली. आतून सासूने हाक मारली, तशी ती डोळे मिटून आत गेली.