वनसमितीच्या पंगतीचा धूर

येडशीच्या ढाब्यावरून ओल्या लाकडाचा धूर आला, की मला आमच्या वनसमितीची पंगत आठवते. गावानं आणि वनखात्यानं मिळून डोंगर राखला, तो बघायला मोठे साहेब येणार होते. नियम आम्हीच केलेला, की जंगलातली वाळकी काटकी उचलायची, हिरव्याला हात लावायचा नाही. एका म्हातारीनं धावड्याची ओली फांदी तोडली, तेव्हा समितीतल्या आम्ही बायांनीच तिची कुऱ्हाड काढून घेऊन पारावरच्या लिंबाला टांगली होती. त्याच लिंबाखाली आता आमची चूल धुमसत होती, कारण सरपण कमी पडलं म्हणून सकाळी आमच्याच माणसांनी धावडा तोडून आणला होता. साहेब डोळे चोळत म्हणाले, "लाकूड ओलं दिसतंय." आम्ही खाली वाकून चूल फुंकायला लागलो. तेवढ्यात ती म्हातारी घरून टोपलीभर गोवऱ्या घेऊन आली, चुलीपाशी ओतून म्हणाली, "घ्या गं बायांनो, लई वाळल्यात. पाव्हणं उपाशी ऱ्हायला नगं." वर टांगलेल्या कुऱ्हाडीकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. आम्ही सगळ्याजणी पदरानं डोळे पुसत राहिलो. धूर होता म्हणून तेव्हा निभावलं. आता घरात गॅस आहे. तिथं हे आठवलं की तोंड लपवायला धूरसुद्धा नसतो.