समोरच्या बाजूची

गीतांजलीला पहिल्यांदा राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं, तेव्हा तिच्या आईनं, भाजी विकणाऱ्या गोदाबाईनं, चांदूर बाजार गावात अर्ध्या गल्लीला पेढे वाटले होते. दुसऱ्या वर्षी चिमूट चिमूट साखर वाटली. त्यानंतर मात्र बोलावणं आलं की गोदाबाई मेथीच्या जुड्या बांधता बांधता मान वर न करता एवढंच विचारायची, ‘‘औंदाई जातं काय?’’

गीतांजली जायची. अकोल्याच्या एका खाजगी शाळेत ती खेळ शिकवायला होती, तीही कंत्राटावर. बिनपगारी रजेचा अर्ज पुढे केला की हेडमास्तर चष्म्यावरून पाहायचे आणि म्हणायचे, मॅडम, यंदा तरी टीव्हीवर दिसणार की नाही? दिसणार म्हणजे काय, अशा थाटात ती हसायची. पण दिसली कधीच नव्हती. देशाच्या महिला रग्बी संघाच्या शिबिरात ती इतकी वर्षं जात होती की स्वयंपाकघरातल्या बायासुद्धा तिला नावानं हाक मारायच्या, आणि तरी एकाही आंतरराष्ट्रीय टेस्ट मॅचमध्ये तिच्या अंगावर देशाची जर्सी चढली नव्हती. आता ती एकतिसाव्या वर्षात होती. गुडघा सकाळी उठताना कुरकुरायचा. या वर्षी नाही जमलं तर पुन्हा नाही, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, पण स्वतःशी पक्कं ठरवलं होतं.

शिबिराचा प्रकार असा असतो, की न्यायच्या असतात त्याहून पुष्कळ जास्त मुली बोलावतात. संघ तयार करायचा तर त्याला भिडायलाही कुणीतरी हवंच. मग ज्यांना नेणार नाहीत, त्या मुली समोरचा संघ होतात. परदेशी पोरी कशा खेळतात ते मोबाइलवर पाहायचं आणि तसं खेळून आपल्याच मुलींना छळायचं. हे काम कुणालाच आवडत नाही, आणि जिला ते चांगलं जमतं तिचं काही खरं नसतं. गीतांजलीला ते फारच चांगलं जमायचं.

ती खेळायची पहिल्या रांगेत, डाव्या कडेला. रग्बीत स्क्रम म्हणून एक प्रकार असतो. दोन्हीकडच्या आठ-आठ जणी एकमेकींना घट्ट धरून वाकतात, डोकी आणि खांदे भिडवतात आणि मधे टाकलेल्या बॉलसाठी रेटारेटी करतात. पाहणाऱ्याला वाटतं, भांडण लागलं. आत असणाऱ्याला मात्र ठाऊक असतं, की पहिल्या रांगेतल्या पोरीची मान आणि पाठ यांच्यावर बाकी साऱ्यांचा भार तोललेला असतो. लहानपणापासून वांग्याचे कॅरेट उचलून गाडीत रचणाऱ्या मुलीला याचं भय कशाला वाटावं? तिला आवडायचंच ते. पण समोरची व्हायचं म्हणजे तिची डावी कड सुटायची आणि समोरच्या रांगेची उजवी कड धरावी लागायची. डावीकडे ती शेवटची कधी उभी राहिली होती, तेही तिला आता नीट आठवत नव्हतं.

यंदाचं शिबिर अमरावतीला, तेही एप्रिलच्या शेवटाला. दिल्लीतल्या कुण्या साहेबानं नकाशावर बोट ठेवलं असेल, त्या बोटाला ऊन लागलं नसेल. पहाटे सराव, मग दिवसभर खोलीत कूलरसमोर ओली ओढणी तोंडावर घेऊन पडायचं, आणि संध्याकाळी पुन्हा मैदान. बाहेरच्या राज्यांतल्या मुली रडकुंडीला आल्या होत्या. वऱ्हाडातल्या दोघी तेवढ्या तगून होत्या, एक गीतांजली आणि दुसरी भातकुलीची आचल.

आचल बाविशीची, शेतकऱ्याची लेक. अंगात बैलाचं बळ, आणि बोलायला लागली की थांबणं नाही. दोघी एकाच खोलीत राहायच्या, एकाच डब्यातला ठेचा खायच्या. आणि दोघींची जागाही एकच होती. नेहमीची डाव्या कडेची मुलगी खांदा निखळून घरी बसली होती. बऱ्याच वर्षांनी ती जागा रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी या दोघीच उरल्या होत्या.

पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षक दीक्षा मॅडमनी गीतांजलीला बाजूला घेतलं. मॅडम मूळच्या अकोल्याच्या. इतरांशी हिंदी बोलायच्या, या दोघींशी घरचं. त्यांनी मोबाइलवर, ज्या देशाशी टेस्ट होणार होती त्यांची तीन नंबरची, म्हणजे उजव्या कडेची, पोरगी दाखवली. ती सरळ रेटतच नव्हती. रेफरीची नजर चुकवून तिरकी घुसायची आणि समोरच्या पोरीच्या छातीखाली डोकं घालून तिला मोडायची. असं घुसणं नियमात बसत नाही, पण पकडलं गेलं तरच ना. आचलला याची सवय हवी, असं मॅडमचं म्हणणं होतं.

‘‘तुह्याशिवाय हे कोणालेच जमत नाई गीता,’’ त्या म्हणाल्या.

गीतांजलीला विचारावंसं वाटलं, की मी सारखी समोरच राहिले तर तुम्ही मला आपल्या बाजूनं पाहणार कधी? पण तिनं नुसती मान डोलावली. कामाला नाही म्हणायची तिच्या घराण्यात रीतच नव्हती, आणि तिथंच सगळं बिघडत आलं होतं.

मग रोज संध्याकाळी ती समोर वाकायची आणि आचलच्या बरगड्यांत तिरकी घुसायची. हळूहळू तिच्या ध्यानात आलं, की आपण चांगल्याच अडकलो. एके दिवशी ती थकून आणि थोडी चिडूनही ढिली पडली. म्हटलं, पाहू कोण काय म्हणतं. आचलनं तिला सरसर मागं रेटत नेलं. साऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि मॅडम म्हणाल्या, की आचल तयार झाली. दुसऱ्या दिवशी गीतांजलीनं सारा राग खांद्यात आणला. आचल तोंडावर आपटली, तिच्या दातांत माती गेली. मॅडम तिकडून ओरडल्या, ‘‘अशीच! अशीच समोरची पायजे!’’ धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. हरली तर आचल चांगली, जिंकली तर समोरची चांगली. गीतांजली म्हणून कुणी त्या मैदानावर नव्हतंच. त्या संध्याकाळी नळाखाली डोकं धरून ती बराच वेळ रडली. टाकीतलं पाणी उन्हानं उकळायला आलं होतं, त्यानं डोकंही थंड होईना.

शेवटी तिनं तोंड उघडलं. मॅडमना म्हणाली, मला एकदा आपल्या बाजूनं खेळवा, मग काय ते ठरवा. मॅडम वाईट बाई नव्हत्या, डोक्यावर ओझं असलेल्या बाई होत्या एवढंच. त्यांनी कबूल केलं, की शेवटच्या निवड सामन्याचा पहिला अर्धा भाग गीतांजली डाव्या कडेला खेळेल आणि दुसरा आचल.

रविवारी सकाळी सामना झाला. रेफरी नागपूरहून बोलावलेला. डाव्या कडेला उभं राहताना गीतांजलीला माहेरी आल्यासारखं वाटलं. पहिला स्क्रम चांगला गेला, समोरची पोर दोन पावलं मागं सरकली. दुसऱ्याला शिट्टी वाजली. रेफरीचा हात वर गेला आणि बोट गीतांजलीकडे वळलं. तिरकी घुसली म्हणून पेनल्टी.

तिला खरंच कळलं नव्हतं. ती स्वतःशी म्हणाली, सरळ जा बाई, सरळ. पुढच्या स्क्रमला तिनं दात आवळून पाठ ताठ केली, आणि रेटा सुरू होताच खांदा आपोआप आत वळला. पुन्हा शिट्टी. इतकी वर्षं ज्या कसबासाठी तिची पाठ थोपटली गेली होती, ते कसब अंगात मुरून बसलं होतं, आणि अंगाला काय ठाऊक, आज आपण कुणाच्या बाजूनं आहोत? तिसऱ्या पेनल्टीला समोरच्यांनी बॉल खांबांमधून मारून तीन गुण घेतले. दीक्षा मॅडमनी मध्यंतराची वाट न पाहता तिला बाहेर बोलावलं.

आचल आत गेली आणि सरळ रेटत राहिली, खाली, घट्ट, समोरच्या पोरीला तिरकं आत शिरायला फटही न ठेवता. ती फट कशी बुजवायची हे तिला कुणी शिकवलं होतं, हे मैदानाबाहेर पाण्याची बाटली धरून बसलेल्या बाईला सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी नावं वाचून दाखवली. गीतांजलीचं नव्हतं. आचलनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली, ते गीतांजलीला जास्त लागलं. मग दीक्षा मॅडम खोलीत आल्या. कूलरकडे पाहत म्हणाल्या, संघ निघेपर्यंत दोन दिवस थांबशील काय? स्क्रममध्ये भिडताना आचलची मान अजून उशिरा वर येते.

‘‘मॅडम, कामापुरता मामा असते ना,’’ गीतांजली म्हणाली, ‘‘मी तशी तुमची मामी हाये.’’

आणि तरी गीतांजली थांबली. कुणाच्या भिडेनं नाही. आचलची मान उशिरा वर येते, हे तिनंच पहिल्यांदा पाहिलं होतं. स्क्रम खाली बसला आणि मान तशीच अडकली तर काय होतं, तेही तिला माहीत होतं. पोरीची मान कुणा परकीच्या भरवशावर टाकून घरी जाणं तिच्याच्यानं झालं नाही. दोन दिवस तिनं आचलला मातीत लोळवलं. दुसऱ्या संध्याकाळी आचलची मान वेळेवर वर आली. गीतांजलीनं तिची पाठ थोपटली, बॅग उचलली आणि चांदूर बाजारची एसटी पकडली.

पहिली टेस्ट पूर्वेकडच्या, समुद्राजवळच्या शहरात होती. त्या दिवशी गोदाबाईसोबत भाजी निवडता निवडता गीतांजलीनं मोबाइल कॅरेटला टेकवून ठेवला. चित्र अडकायचं, पुन्हा चालायचं. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा तिनं मोबाइल उलटा ठेवला, नंतर सरळ केला. पहिला स्क्रम लागला तशी तिची स्वतःची पाठ ताठ झाली. हातातली मेथी चुरगळलेली पाहून गोदाबाई म्हणाली, की हे आता गिऱ्हाइकाला द्यायचं कसं?

मॅच गेली. थोडक्यात गेली, पण गेली. स्क्रम मात्र एकदाही मोडला नाही.

रात्री जेवण आटोपता आटोपता आचलचा फोन आला. मागं मुलींचा गलका होता. आचल एका दमात सांगत सुटली, की मी किती भ्यायले होते. मग एकदम म्हणाली, ‘‘पण ताई, खरं सांगू काय? थे तीन नंबरवाली तुह्यापेक्षा लय हलकी होती वं. पयल्याच धक्क्यात समजलं. म्हटलं, हे काईच नाई, आमच्या गीताताईच्या पुढं हे काईच नाई.’’

क्षणभर गीतांजलीला इतकं बरं वाटलं की ती उभी होती ती दारातल्या ओट्यावर बसली. आणि मग ते बरं वाटणं उतरत गेलं. ज्यांच्यासारखं व्हायला तिला इतकी वर्षं राबवलं, त्यांच्याहून ती भारी होती. कधीपासून होती, देव जाणे.

‘‘मंग मी काऊन नाई गेली वं, आचल?’’

आचल खोलीबाहेर आली असावी, गलका मागं पडला. मग ती हळूच म्हणाली, ‘‘ताई, दुसरी टेस्ट पुढच्या आठवड्यात हाये. मॅडम म्हणून राहिल्या, तू इकडे येशील काय? सरावाले. समोर उभी राहाले.’’

गीतांजलीनं ओट्यावरून आत पाहिलं. गोदाबाई उष्टी ताटं गोळा करत होती. मॅडमना काय सांगायचं, कसं सांगायचं, याची तिनं मनात जुळवाजुळव करून पाहिली. शाळेचं कंत्राट पुन्हा व्हायचं आहे, गुडघा आहे, आईचा हात दुखतो. सगळं खरंच होतं.

‘‘मॅडमले सांग, गीता दमली.’’

‘‘म्हंजे? बिमार हाये काय तू?’’

‘‘नाई,’’ ती म्हणाली. ‘‘बिमार नाई. दमली.’’