राक्षसांचे रविवार

"बाप जगतो का?"

मुलांना घेऊन कुणी सोलापूरला सिनेमा बघून आलं की आमचे कंट्रोलर साहेब एवढंच विचारायचे. पिक्चर कसा होता, गाणी कशी होती, काही नाही. खिडकीतून मान बाहेर काढायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि म्हणायचं, "ते ऱ्हाऊ द्या. बाप जगतो का शेवटपर्यंत?"

धाराशिवच्या स्टँडवर गाडीची वाट बघत तुम्ही कधी बसला असाल, तर साहेबांचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे माइकवरून सांगायचं त्यांचं काम. मी तिथलीच कंडक्टर. तुळजापूरची गाडी आली हे सांगतानाही त्यांचा सूर असा, की वाटावं कुणी गेल्याची खबर देतायत. मी तोंडावर म्हणायचे, "साहेब, जरा हसून बोला, पॅसेंजर घाबरतात."

"गाडी येतीय न्हवं? मग झालं."

साहेबांची बायको लेकीला घेऊन सोलापूरला माहेरी राहायची. दोघांत काय बिनसलं, ते डेपोत सगळ्यांनी खोदून खोदून विचारलं. मी नाही विचारलं. कोर्टानं लेकीला भेटायला महिन्यातला एक रविवार दिला होता. आता मला सांगा, महिन्यातून एकदा भेटणाऱ्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीशी बापानं बोलायचं तरी काय? अभ्यास कसा चाललाय, हे विचारून झालं की संपलं. म्हणून ते तिला सिनेमाला न्यायचे. अंधारात बोलावं लागत नाही आणि लेक शेजारी बसलेली असते.

पहिल्याच रविवारी घोळ झाला. कार्टूनचा सिनेमा, कासवाच्या पिल्लाचा. इंटरवलच्या आतच पिल्लाचा बाप जाळ्यात अडकून मेला आणि पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. साहेबांनी तिला तसंच उचलून बाहेर आणलं.

तेव्हापासून नियमच झाला. आधी सुट्टीच्या दिवशी एकट्यानं जाऊन सिनेमा बघायचा, मगच लेकीला दाखवायचा. पोराटोरांच्या गर्दीत हा पिकल्या मिशांचा माणूस, मांडीवर जेवणाचा डबा घेऊन. बाप मेला की सिनेमा बाद.

"ह्या कार्टूनवाल्यांना बापाचं एवढं वावडं का वो, ताई?" चहा पिताना ते मला विचारायचे. "मुंगी असू द्या, न्हायतर उंट. इंटरवलच्या आत बाप खल्लास. अन् शेवटाला समदे नाचत्यात."

"अहो, लहान मुलांचं असतं ते. शेवट गोड करावाच लागतो."

"त्येच तर म्हणतो म्या. बापाबिगर बी शेवट गोड हुतो, हे माझ्या लेकीला कशाला शिकवायचं?"

मी त्यांना अजून एक चहा सांगितला.

मग उरले राक्षसांचे सिनेमे. सात मजली खेकडा, आग ओकणारी पाल, असले. ते मात्र साहेबांना पसंत. "राक्षस परवडला, ताई. गाव तुडवतो, पण कुणाचं घर मोडत न्हाय." तुडवलेल्या गावात घरं नसतात का, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांचं तोंड बघितलं आणि गिळलं. लेक पार कंटाळली होती. "पप्पा, आज पण बिल्डिंगी पडणार का?" असं विचारायची म्हणे. हे मात्र ते हसून सांगायचे.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मग एका महिन्यात राक्षसच आला नाही. सिनेमा होता तो पाणमांजरांचा, आणि त्यात बाप पुरात वाहून जात होता. साहेब आधीच बघून आले होते. मला म्हणाले, "तुमची सुट्टी हाय न्हवं रविवारी? चला संगं. पोरगी रडली तर मला एकट्याला न्हाय सांभाळायचं."

मी गेले. पोरगी आमच्या दोघांच्या मधे बसली. पडद्यावर नदीला लोंढा आला, बाप गेला. मागंपुढं पोरं मुसमुसत होती. खरं सांगते, मीही ओढणी डोळ्यांना लावली. साहेब पडद्याकडं बघतच नव्हते, लेकीकडं बघत होते. ती सरळ बसून मक्याच्या लाह्या खात होती. मूठ संपली की दुसरी मूठ.

लेकीला घरी सोडून आम्ही परतीच्या गाडीत बसलो. साहेब म्हणाले, "रडली न्हाय ती."

"मोठी झाली, साहेब."

"बाप वाहून गेला अन् तिनं लाह्या खाल्ल्या. सवय झाली तिला, ताई. आता कशाला मधी मधी जाऊन तिचं मन ढवळायचं?"

मी जाम चिडले. "अहो, पिक्चर आहे तो! पोरीची परीक्षा घेता काय?" पण त्यांनी मनात घेतलं ते घेतलं. पुढच्या महिन्यात गेले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. रविवारची ड्युटी मागून घ्यायला लागले. मी किती डोकं खाल्लं त्यांचं! एकच उत्तर, "बरं चाललंय तिचं."

गेल्या साली छातीत कळ आली आणि साहेब गेले. त्यांच्या गावाला, तामलवाडीला, आम्ही डेपोतले सगळे मातीला गेलो. पोरगी मामाबरोबर आली होती. चांगली उंच झालेली. डोळ्यांत टिपूस नाही. बायका लगेच कुजबुजल्या, "दगडाची हाय." माझं डोकंच फिरलं. मी तिला धरून गाडीत बसवलं आणि तिच्यासोबत सोलापूरला निघाले. मामा मागच्या सीटवर बसला.

खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "मावशी, त्या पाणमांजरांच्या पिक्चरला तुम्हीच होता ना?"

"होते गं."

"मला खूप रडू येत होतं. लाह्या तोंडात कोंबून दाबलं मी. पहिल्यांदा रडले होते, तेव्हा पप्पांनी उचलून बाहेर आणलं होतं. मला वाटलं, आता रडले तर पुन्हा मला कुठं नेणारच नाहीत." ती माझ्याकडं वळली. "मग का नाही आले ते, मावशी? मी तर रडले नव्हते."

साहेबांना उठवून हे सांगता आलं असतं, तर आयुष्यातली सगळी पुण्याई मी देऊन टाकली असती. आणि ह्या पोरीला खरं कारण सांगितलं असतं, तर जन्मभर ती स्वतःला कोसत बसली असती.

"रविवारी ड्युटी लागायची गं त्यांना," मी म्हटलं. "माणसं कमी होती डेपोला. लई तडफडायचे तुझ्यासाठी."

"खरंच?"

"खरंच."

मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, पार सोलापूर येईपर्यंत.