गुरुजींच्या पानातली पुरणपोळी

पेकिंगच्या विद्यापीठात दोन वर्षं चिनी भाषा आणि जुने ग्रंथ शिकून मायदेशी परतल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर माझ्याच गुरुजींना अजीर्ण करवलं.

एकोणीसशे पन्नास सालानंतरचे दिवस. चीन तेव्हा सख्खा भाऊ होता. गुरुजी कुठल्याशा शिष्टमंडळाबरोबर मुंबईत आले आणि मी त्यांना मुलुंडला घरी जेवायला बोलावलं. पेकिंगच्या थंडीत मी शाकाहारी म्हणून गुरुपत्नी माझ्यासाठी वेगळं रांधायच्या, हे आईला ठाऊक होतं.

"ज्यांनी माझ्या पोराला जेवू घातलं, ते माझ्या घरून अर्धपोटी उठता कामा नयेत," ती म्हणाली. "पण पोट भरलं की नाही, मला कळायचं कसं रे?"

मी चष्मा वर सरकवला. (विद्वत्ता दाखवायची असली की मी अजूनही हेच करतो.) "सोपं आहे. पोट भरलं की चिनी माणूस थोडं पानात ठेवतो. पान साफ केलं, तर समज अजून भूक आहे."

इथवर ठीक होतं. पण स्टेशनवरून टांग्यातून येताना मी गुरुजींनाही शहाणं केलं. "आमच्यात पानात टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान. आईला फार लागेल." त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

घरी पंगत बसली. गुरुजींनी पहिली पुरणपोळी संपवली. केळीचं पान लख्ख! आईने लगेच दुसरी वाढली, वर तुपाची धार. तीही गेली. मग आणखी एक, मग आणखी. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, कटाची आमटी तिखट झाली असेल. मदतीला आलेल्या शेजारच्या मालवणी नाईककाकू आईच्या कानाशी लागल्या.

"पुरण संपला गे. आता काय वाढतलंस?"

"तुझ्याकडे काय आहे?"

"भात आसा, नि सोलकढी."

"आण सगळं. बिचारे प्रवासात उपाशीच होते गं!"

भाताचा डोंगर पाहून गुरुजींनी मला चिनीत हळूच विचारलं, "जेवण उत्तम आहे. पण हे थांबतं कधी?"

"पानातलं संपवलंत की," मी म्हणालो.

त्या सज्जन माणसाने तो डोंगरही उपसला. अखेर त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले आणि डोळे मिटून घेतले. आईने वाकून पाहिलं. चार शितं उरली होती.

"भरलं हो पोट!" तिचा चेहरा असा उजळला, की तो आजही डोळ्यांपुढे येतो. आता दोघंही नाहीत.

मग तिने त्यांना आरामखुर्चीत बसवलं, ओवा आणि गरम पाणी दिलं. स्वतःच्या पोटावर हात फिरवून तिने काहीतरी विचारलं, त्यांनीही आपल्या पोटावर हात फिरवून उत्तर दिलं, आणि दोघं मनापासून हसली. दुभाषा म्हणून मी लगबगीने मध्ये पडलो.

"तू गप्प बस रे," आई म्हणाली. "आमचं आम्हाला कळतंय."

गुरुजी चिनीत नेमकं तेच म्हणाले. माझ्या आयुष्यातलं तेवढं एकच बिनचूक भाषांतर, आणि ते मला कुणाला सांगायची गरजच पडली नाही.