थोरल्यानं धाडलेला फोटो

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. असल्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आता तुम्ही माझी उडवा... पण आधी वाचा.

साल २००९. राजारामपुरीत आमचा फोटो स्टुडिओ, माझ्या थोरल्या भावानं, दादानं उभा केलेला. तिथल्या तीन कॉम्प्युटरना दादानं नावं दिली होती — थोरला, मधला, धाकला. थोरला त्याचा स्वतःचा. त्याआधी दोन वर्षं दादा अचानक गेला आणि पाठोपाठ थोरल्याची हार्ड डिस्कही गेली. ती काढून भंगारात दिली. रिकामा डबा वहिनी काही टाकू देईनात, म्हणून तो माळ्यावर गेला.

उरले दोन. मधला दुकानात, धाकला घरी. घरी माझी बायको वैशाली अल्बम जुळवायची. लग्नांच्या फोटोंनी दोन्हींच्या डिस्क गच्च भरलेल्या. मग मी इंटरनेटवर फाइली ठेवायची नवी सोय घेतली. एका फोल्डरमध्ये फोटो टाकला की तो इंटरनेटवर जायचा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरही दिसायचा. मी खूश! वैशालीला म्हणालो, "आता फोटो वर सुरक्षित. काळजी मिटली."

तिनं ते शब्दशः घेतलं. पावसाळ्यात धाकला भरला, तसे तिनं मे महिन्यातल्या लग्नांचे फोटो पुसून टाकले. या सोयीत एकीकडं पुसलं की सगळीकडचं पुसतं, हे दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मधल्यावरचेही गेले, वरचेही गेले.

कळलं नवरात्रात. मुरगूडची एक मुलगी दुकानात आली. तिचं मे महिन्यातलं लग्न मीच शूट केलं होतं. तिचे वडील श्रावणात वारले.

"भाऊ, आण्णांचा एक बी फोटो न्हाय घरात. कॅमेरा दिसला की पळायचं. अल्बमात बी नुसती पाठ दिसतीया. पर लग्नात तुमी एक काढलासा की... हसत हुतं बघा."

काढला होता. ती दादाची शिस्त. तो म्हणायचा, "नवरीच्या बापाचा एक फोटो काढायचाच. अल्बमात नसंना, पुढं त्योच मागाय येत्यात." मंडपामागं आचाऱ्याशी बोलताना मी त्यांना गाठलं होतं.

फोल्डर उघडला. रिकामा. घरी फोन लावला.

"इंटरनेटवर हायत न्हवं? मग हितलं पुसलं. जागा नको व्हय?" वैशाली म्हणाली. आणि मग तिलाच कळलं. पलीकडं रडण्याचा आवाज.

पुसलेलं परत आणायची मुदतही उलटली होती. मुलीला म्हणालो, "ताई, शोधतो. दसरा झाल्यावर या." ते खोटं होतं. बाप गेल्यावर पोरीला त्याचा चेहराही बघायला मिळू नये, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी हत्यारं पुजतात. वैशालीनं सकाळीच धाकला दुकानात आणला. वहिनींनी माळ्यावरून थोरल्याला उतरवला, पुसला. तिघांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही, ही रीत. मेन स्विचच बंद केलेला. वैशाली थोरल्यापुढं हात जोडून बराच वेळ उभी होती. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

दसऱ्याला मधला सुरू केला. फोल्डरमध्ये एक फोटो. एकच! फेटा बांधलेले आण्णा, तोंडभर हसताहेत. फेट्याची सावली काढून चेहरा उजळलेला... ते काम दादा करायचा. मी या फोटोवर काहीच केलं नव्हतं.

घाबरतच त्या सोयीचं पान उघडलं. फोटो आला होता आदल्या दिवशी, खंडेनवमीला. कुठल्या कॉम्प्युटरवरून, तर तिथं इंग्रजीत लिहिलेलं — थोरला.

वैशालीला दाखवलं. ती एवढंच म्हणाली, "थोरलं भावजी आलं हुतं."

डिस्क नसलेला डबा, वीज बंद, आणि ही सोय तर दादा गेल्यावर घेतलेली. कॉम्प्युटरवाल्या मित्रानं डोकं खाजवलं, "कुणाला तरी तुझा पासवर्ड माहीत असणार." तो मला आणि वैशालीलाच माहीत होता.

मुलगी आली, तेव्हा फ्रेम करून ठेवली होती. तिनं ती पदरानं पुसली, छातीशी धरली आणि लहान पोरीसारखी रडली. वैशालीनं तिला जवळ घेतलं. जाताना मुलगी दारात थांबली.

"लई झ्याक आलाय ओ. तुमीच काढलासा न्हवं?"

काढला मीच होता. पण माझ्या तोंडून निघालं, "न्हाय ताई, आमच्या दादानं."